स्वस्तातली एकचाकी आणि डाव्या पायाच्या उड्या

निकाल आधी सांगते, म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच परत फिरतील. साडेसात हजारांच्या आसपास ऑनलाइन मिळणारी २० इंची एकचाकी सायकल शिकायला चांगली, गल्लीत फिरवायला चांगली, उड्या मारायला कामचलाऊ. आणि पाय बदलून उड्या मारायच्या असतील, म्हणजे सवयीचा उजवा मागे नेऊन डावा पुढे ठेवायचा असेल, तर हिच्या अंगातलं सगळं बरं-वाईट तिथंच बाहेर येतं. बाकीचे रिव्ह्यू खोकं उघडल्याच्या दिवशी लिहिलेले दिसतात. डिलिव्हरी वेळेवर, रंग छान, पाच स्टार. माझ्या टायरची नक्षी दोन ठिकाणी गुळगुळीत झाल्यावर मी हा लिहायला बसलेय.

कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. या किमतीतल्या निरनिराळ्या स्टिकरच्या सायकलींचे फोटो शेजारी-शेजारी ठेवून बघा. चाक धरणारा फोर्क तोच, सीट तीच, चाकाच्या आसाचं चौकोनी टोकही तेच. स्टिकर निळं की लाल, एवढाच काय तो फरक. तेव्हा नाव लक्षात ठेवून फारसा उपयोग नाही, कुठला भाग कसा आहे ते बघून घ्या.

माझ्याबद्दल दोन ओळी, कारण रिव्ह्यू कोणी लिहिलाय त्यावर बरंच असतं. वय ४४, वजन ६८ किलो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅच बघते, राहते जुळे सोलापुरात. दिवसभर गाठी, बिलं आणि ट्रकवाल्यांचे फोन. एकचाकीचं खूळ पुतण्याचं होतं. सायकल त्याच्यासाठीच आली. तो बारावीला गेला, क्लास सुरू झाले आणि सायकल माझ्याकडे राहिली. सर्कशीशी किंवा खेळाडूपणाशी माझा संबंध नाही, गुडघे मात्र अजून शाबूत आहेत. माझ्यापेक्षा हलक्या पोरासाठी घेत असाल तर पुढच्या तक्रारी थोड्या उशिरा येतील, येतील मात्र नक्की.

खोक्यात चाक येतं, त्यावर टायर आणि क्रँक, म्हणजे पॅडल आणि आस जोडणारे दांडे, आधीच बसवलेले. फोर्क, सीट, सीटची दांडी, प्लॅस्टिकची दोन पॅडलं, उभी करायला लोखंडी स्टँड आणि पत्र्याचे दोन पाने. हे पाने लगेच बाजूला टाका, त्यांनी नट गोल होतो. माहितीपत्रक एका पानाचं. त्यात सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट कोपऱ्यात चिमुकल्या अक्षरात दिलीय: क्रँकवर एल आणि आर लिहिलेलं असतं, एल डाव्या पायाकडे यायला हवा. दोन चाकांच्या सायकलीला उजवीकडे चेन असते, त्यामुळे डावं-उजवं चुकायची सोयच नाही. इथं चाक दोन्ही बाजूंनी सारखंच दिसतं. डाव्या पॅडलचे आटे उलटे पाडलेले असतात, ते चालवता चालवता पॅडल सुटू नये म्हणून. चाक उलटं बसवलंत तर तीच सोय उलटते आणि पॅडल हळूहळू बाहेर यायला लागतं. एवढी मोठी गोष्ट माहितीपत्रकाच्या कोपऱ्यात घालणाऱ्या माणसाला मला एकदा भेटायचंय.

फोर्कच्या खालच्या टोकांना बेअरिंग धरून ठेवणाऱ्या टोप्या असतात. त्यांचे स्क्रू फार आवळायचे नाहीत. बेअरिंग दबलं की चाक जड होतं. सायकल उचलून हाताने चाक फिरवा, ते मोकळं फिरायला हवं. बस, जोडणी एवढीच.

जोडून झाल्यावर हवा मारायला आणि एकदा डोळ्याखालून घालायला मी ती आमच्या भागातल्या सायकल मिस्त्रींकडे नेली. छोटं दुकान, पत्र्याचं छत, दारात पाण्याचं घमेलं. त्यांनी "दुसरं चाक?" विचारलं नाही. सोलापुरात हा प्रश्न न विचारणारा मला भेटलेला पहिला माणूस, म्हणून त्यांच्यावर तिथंच विश्वास बसला. चाक फोर्कमध्ये फिरवून बघितलं, एक डोळा मिटून रिमकडे पाहिलं आणि म्हणाले, "ताई, आऊट आहे. नवीन चाकात एवढा आऊट नसतोय." मग स्पोक आवळून आऊट, म्हणजे रिमचा वाकडेपणा, काढून दिला. शंभर रुपये. नव्या सायकलीवर पहिल्याच आठवड्यात हा खर्च, तेव्हा इथं एक स्टार गेला.

चालवायला ही सायकल छान आहे. २० इंची चाक, १२५ मिलिमीटरचे क्रँक, जमीन जवळ, पडलो तर बहुतेक वेळा पायांवरच उतरतो. चाकाला फ्रीव्हील नाही. पॅडल थांबलं की चाक थांबलं, पॅडल मागे फिरवलं की चाक मागे. वेग म्हणाल तर भरभर चालणाऱ्या माणसाच्या थोडा पुढे. यावर ऑफिसला जाता येईल का, असं एकाने विक्रीच्या पानावरच्या सवाल-जवाबात विचारलंय. येईल की, पण जुळे सोलापूर ते एमआयडीसी एवढ्या लांबवर २० इंची चाक पायांनी फिरवून बघा आणि मग मला सांगा. लांब जायला २९ किंवा ३६ इंची चाकाच्या एकचाक्या असतात, त्यांचा हिशेब वेगळा.

शिकण्याबद्दल इथं लिहीत नाही. भिंत धरा, सीटवर वजन टाका, लांब बघा. जमतं.

आता उड्या. ज्यांनी कधी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते. चाक थांबवायचं, दोन्ही पॅडलं जमिनीला समांतर आणायची. एक पाय पुढे, एक मागे, दोघांवर वजन सारखं. सीटवरून किंचित उठायचं, एका हाताने सीटचं पुढचं टोक घट्ट धरायचं, गुडघे वाकवायचे आणि सरळ वर उडायचं. सीट हातात असते म्हणून चाक सोबत वर येतं. उंची सुरुवातीला दोन बोटं. उंच उडी मारण्यात शहाणपण नाही, बारीक बारीक मारत राहण्यात आहे. डावीकडे तोल गेला तर पुढची उडी डावीकडे, चाक परत आपल्या अंगाखाली. एका चाकावर हलल्याशिवाय उभं राहणं फार अवघड, म्हणून उड्या मारत उभं राहायचं.

प्रत्येकाचा एक पाय आपोआप पुढे येतो. माझा उजवा. उजव्या पायाच्या उड्या यायला लागल्या आणि मी पार्किंगच्या पायरीवर चढायचा उद्योग सुरू केला. पायरी जेमतेम चार बोटं उंच. अडचण उंचीची नव्हतीच. पायरीजवळ पोचायचं तेव्हा नेमका डावा पाय पुढे असायचा. २० इंची चाकाचा अर्धा फेरा म्हणजे साधारण ८० सेंटीमीटर. म्हणजे उजवा पाय पुढे आणायचा तर एक तर ८० सेंटीमीटर आधी थांबा, नाही तर पायरीवर आपटा. मग पायरीपुढे मागे-पुढे झुलत बसायचं आणि त्यात तोल जायचा. ट्रायल्स नावाचा प्रकार असतो, लाकडी पॅलेट, दगड, लोखंडी पाइप यांवरून जमिनीला पाय न लावता एकचाकी न्यायची. तिथले लोक दोन्ही पायांनी उड्या का शिकतात ते मला आमच्या पार्किंगमध्ये कळलं. अडथळा आपल्या सोयीच्या पायाची वाट बघत नाही.

डावा पाय पुढे घेऊन उभी राहिले तेव्हा वाटलं, ही सायकलच दुसरी आहे. मिस्त्रींना विचारलं तर ते म्हणाले, "सीट उलटी फिरवून देऊ का?" कल्पना ऐकायला ठीक वाटते, पण कामाची नाही. सीट फिरवली तर तुम्ही उलट्या दिशेला तोंड करून बसाल, एल क्रँक उजव्या पायाखाली येईल, आट्यांचा घोळ होईल आणि थांबताना पुन्हा उजवाच पाय पुढे येईल. सवय पायात असते, चाकाला ती माहीत नसते.

मला ज्याने फरक पडला ते सांगते. पहिलं म्हणजे बरेच दिवस उडी मारलीच नाही. चालवता चालवता डावा पाय पुढे आला की थांबायचं, एक श्वास घ्यायचा, पुढे जायचं. पायाला नुसतं तिथं थांबायची सवय लावायची. दुसरं, रेलिंग उजव्या हाताला ठेवायचं, म्हणजे सीट डाव्या हाताने धरावी लागते. उजवा पाय पुढे असताना मी सीट उजव्या हाताने धरायची. पाय बदलूनही हात तोच ठेवला की कंबर पिळली जायची आणि प्रत्येक उडीला चाक थोडं उजवीकडे वळायचं. कारखान्यातला गाठींवर खुणा करायचा खडू आणून फरशीवर एक सरळ रेघ मारली, तेव्हा ते डोळ्यांना दिसलं. रेघेवर उभी राहायची आणि काही उड्यांत चाक रेघेला चांगलंच तिरकं. सीट डाव्या हाताने धरली तसं वळणं कमी झालं. हे सगळ्यांना लागू पडेल असं नाही, काही जण हात बदलत नाहीत. पण रेघ मारून बघा, ती खोटं बोलत नाही.

तिसरं, पायाची जागा. चालवताना पॅडल चवड्याखाली ठेवते, उड्या मारताना थोडं मागे, पावलाच्या मधल्या भागाकडे. नाहीतर घोट्यावर ताण येतो, आणि मागे गेलेला उजवा घोटा तर या कामाला मुळीच सरावलेला नसतो. चप्पल, सँडल चालणार नाही. सपाट तळव्याचा बूट, नाडी आत खोचलेली. नडगीला गार्ड लावा. पॅडल फिरून येतं ते बहुतेक समोरून.

रेलिंग सुटलं, डाव्या पायाच्या सलग उड्या पडायला लागल्या आणि तेव्हा आवाज आला. टक्. प्रत्येक उडीला टक्. उजवा पाय पुढे घेतला की आवाज गायब. डावा घेतला की टक्. शेजारच्या पद्मशाली आजी गॅलरीतून बघत असतात. त्यांनी सुरुवातीला विचारलं होतं, "अक्का, एक चाक विकलीस काय?" आता त्या म्हणाल्या, "तुझा गुडघा वाजतोय." मलाही क्षणभर तसंच वाटलं. गुडघा नव्हता.

हा रिव्ह्यू मुळात या टक्-साठी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. या सायकलीचा आस टोकाला चौकोनी आणि निमुळता असतो. क्रँकला तसंच चौकोनी भोक. क्रँक त्यावर दाबून बसवतात आणि बाहेरून नट आवळतात. उडी मारून खाली येतो तेव्हा दोन्ही पाय खाली दाबतात. पुढचा पाय आपला क्रँक पुढच्या दिशेने फिरवू बघतो, मागचा पाय आपला क्रँक मागच्या दिशेने. चाक कुठंच जात नाही, पण मधला आस पिळला जातो. ओला टॉवेल पिळताना एक मूठ इकडे आणि एक तिकडे जाते, अगदी तसा. उजवा पाय पुढे असताना डाव्या क्रँकवर कायम मागच्या दिशेचा पीळ बसत आला. त्यात तो जरा सैल झाला होता तरी त्याच बाजूला टेकून बसला होता, म्हणून आवाज नव्हता. पाय बदलला, पीळ उलटा झाला, आणि सैल क्रँक चौकोनात इकडून तिकडे हलला. तोच टक्.

म्हणजे क्रँक आधीच सैल झालेला होता, आणि डाव्या पायाने उडी मारली नसती तर मला ते आणखी बरेच दिवस कळलं नसतं. एकचाकी घेतली की उड्या मारायच्या असोत वा नसोत, ही तपासणी करा. भिंत धरून दोन्ही पॅडलं आडवी करा, उजवा पाय पुढे ठेवून दोन्हींवर दाबून उभे राहा. मग चाक अर्धं फिरवून डावा पुढे घ्या आणि पुन्हा दाबा. पाय बदलल्यावर काही हललं, वाजलं, तर चालवणं थांबवा.

थांबवा म्हणते त्याला कारण आहे. या सायकलीचा आस पोलादी आणि क्रँक ॲल्युमिनियमचे. सैल क्रँक घेऊन चालवत राहिलं की मऊ धातूचं चौकोनी भोक झिजून गोलसर होतं. एकदा झिजलं की नट कितीही आवळा, क्रँक पुन्हा सैल होणारच.

मिस्त्रींनी १४ चं सॉकेट लावून नट काढला, क्रँक ओढून काढला, भोकात बोट घालून बघितलं. "ताई, हे चौकोनी राहिलं नाही. पत्रा घालून बसवून देतो म्हणलं तर देईन, पण महिन्यात परत याल. माझं गिऱ्हाईक वाढतंय, तुमचं काम होत नाही." हे ऐकायला मी त्यांच्याकडे जाते. पाच पैकी पाच. दुसऱ्या कोणाकडे गेले असते तर पत्रा घालून दोनशे रुपये घेतले असते.

सुटा क्रँक त्यांच्याकडे मिळेना. दोन चाकांच्या सायकलीचा डावा क्रँक चौकोनात बसू शकतो, पण तो साधारण १७० मिलिमीटरचा. एवढा लांब क्रँक २० इंची एकचाकीला लावला तर वळताना पॅडल जमिनीला टेकतं. आणि उजव्या क्रँकला तर चेनचं चक्र. शेवटी १२७ मिलिमीटरची जोडी ऑनलाइन मागवली. दीड हजाराच्या आसपास पडली. सायकलीच्या किमतीचा पाचवा हिस्सा, दोन धातूच्या तुकड्यांना.

त्याआधी अर्थात कंपनीला फोन केला होता. कंपनीच्या माणसाने पहिला प्रश्न विचारला, "मॅडम, जंप केली होती का?" म्हटलं, केली होती. "जंपिंग वॉरंटीत येत नाही." मी म्हटलं, तुमच्या वेबसाइटवरच्या तिसऱ्या फोटोत एक मुलगा पायऱ्यांवरून उडी मारतोय, याच सायकलीवर. "तो फक्त फोटो आहे मॅडम." ग्राहकसेवेला शून्य देण्याची सोय नाही म्हणून एक. तो फोटो अजून तिथंच आहे.

नवे क्रँक बसवताना मिस्त्रींनी आस आणि भोक कापडाने कोरडं पुसलं, क्रँक दाबून बसवला आणि लांब पाइप घालून नट आवळला. चौकोनी आसाच्या क्रँकला साधारण ३५ ते ४० न्यूटन मीटरचा टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, लागतो. मिस्त्रींकडे टॉर्क पाना नाही, त्यांचा हात आहे. थोडं चालवून झाल्यावर परत आणायला सांगितलं, कारण पहिल्यांदा आवळलेला क्रँक आणखी थोडा आत सरकतो आणि नट पुन्हा आवळावा लागतो. हीच गोष्ट कंपनीने त्या एका पानात लिहिली असती तर दीड हजार वाचले असते. त्यानंतर आवाज नाही, दोन्ही पायांनी.

खरा इलाज दुसरा आहे आणि तो महाग आहे. उड्यांसाठीच्या चांगल्या एकचाक्यांना चौकोनी आस नसतो. आसाच्या टोकाला दहा दाते असतात आणि क्रँकमध्ये तसेच खाचे. त्याला आयसिस म्हणतात. पीळ दहा दातांवर वाटला गेला की क्रँक हलायला जागा राहत नाही. रिम लहान, टायर अडीच इंच रुंद, म्हणजे आपटल्यावर धक्का टायर खातं, घोटे नाही. कॅनडाचा क्रिस होल्म डोंगरदऱ्यांतून एकचाकी चालवणारा माणूस, त्याच्या नावाच्या केएच सायकली याच वळणाच्या. जर्मनीच्या क्वाक्स कंपनीच्याही आहेत. एकचाकीचं जागतिक संमेलन, युनिकॉन, १९८४ पासून भरतं, तिथल्या ट्रायल्सच्या मैदानात हेच दातेवाले आस दिसतात. आपल्याकडे मागवायची तर किंमत, वाहतूक, कस्टम धरून आकडा असा होतो की घरात सांगताना आवाज खाली येतो. मी मागवलेली नाही. चार बोटांच्या पायरीसाठी नवे क्रँक पुरतात, हे माझं मत. तुमचं पोरगं जिने उतरायला लागलं तर मात्र पैसे साठवा.

आता टायर. हिच्यावर २० × २.१२५ चं टायर येतं, माल बरा आहे. पण एकचाकीचं टायर सगळीकडून सारखं झिजत नाही. चाक आणि क्रँक एकमेकांना जखडलेले, त्यामुळे उजवा पाय पुढे ठेवून उडी मारली की दरवेळी टायरचा तोच भाग जमिनीवर आपटतो. माझ्या टायरवर व्हॉल्व्हजवळ एक चट्टा पडला होता, नक्षी गेलेली. डाव्या पायाच्या उड्या सुरू झाल्यावर नेमका समोरच्या बाजूला दुसरा चट्टा पडायला लागला, कारण पाय बदलला की चाक अर्धं फिरलेलं असतं. म्हणजे पाय बदलून उड्या मारल्याने टायरचं आयुष्य वाढतं म्हणा, किंवा दोन ठिकाणी खराब होतं म्हणा. उपाय सोपा आहे: हवा काढून टायर रिमवर पाव फेरा सरकवायचं. मिस्त्री हे फुकट करतात, मी त्यांना चहा सांगते.

सीटवर नाराज आहे. पुढे हात घालायला नीट मूठ नाही, प्लॅस्टिकची कड आहे आणि तिच्या धारेने बोटं सोलतात. कडेवर सायकलच्या हँडलची जुनी टेप गुंडाळलीय. सीटची दांडी हाताने दाबायच्या क्लिपने धरलेली असते. चालवताना ठीक, उड्यांत दांडी फिरते आणि सीटचं नाक हळूहळू भलतीकडे बघायला लागतं. पाय बदलून सराव करणाऱ्याला हे जास्त त्रासाचं, कारण वाकडं अंग आहे की सीट, तेच समजत नाही. क्लिप काढून दोन बोल्टचा क्लँप लावा, ॲलन कीने आवळायचा. पॅडलांना माझी हरकत नाही. प्लॅस्टिकची आहेत, गुळगुळीत आहेत, पण नडगी वाचते.

सोलापुरात चालवायची कुठं, हे दोघातिघांनी विचारलंय. उन्हाळ्यात प्रश्नच नाही, एप्रिल-मेमध्ये सकाळी आठनंतर फरशीवर हात टेकवत नाही आणि पडणाऱ्याला हात टेकवावाच लागतो. पहाटे किंवा दिवेलागणीनंतर. सोसायटीचं पार्किंग सगळ्यांत उत्तम, फक्त वॉचमनला आधी सांगून ठेवा. आमचा म्हणतो, "मॅडम, तुम्ही पडलात तर सोसायटी मला विचारणार." पावसाळ्यात मोकळ्या प्लॉटवर जाऊ नका. आपली काळी माती टायरला अशी धरते की फोर्कमध्ये चाक अडतं. मोकळी सपाट जागा हवी म्हणून एका रविवारी होम मैदानाकडे गेले होते. जागा छान, पण बघे जमतात. "काय करूलालीस अक्का? गड्ड्याला तिकीट लावणार काय?" एका पोराने विचारलं. जानेवारीत गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, भरला की तिथं पाळणे आणि मौत का कुआँ असतो, त्यांच्यापुढे माझी चार बोटांची पायरी कोण बघणार? त्याच पोराने नंतर चालवून बघायला मागितली आणि चक्क तीन पॅडल गेला. डावा पाय पुढे ठेवून थांबला. काही जण उपजतच डाव्या पायाचे असतात, त्यांनी या रिव्ह्यूतलं डावं-उजवं उलटं करून वाचावं.

तर कोणी घ्यावी. पोरांसाठी, स्वतःसाठी, जमतंय का बघायला, जरूर घ्या. या पैशात याहून बरं शिकवणारं यंत्र मिळणार नाही. उड्या मारणार असाल तर किमतीत आणखी दोन-अडीच हजार धरून ठेवा, क्रँक आणि क्लँपचे. वजन ८० किलोच्या पुढे असेल आणि उड्याच मारायच्या असतील तर ही घेऊ नका, सरळ दातेवाल्या आसाची बघा. सायकलीला पाचपैकी तीन, कंपनीला एक, मिस्त्रींना पाच. आणि १४ चं सॉकेट व लांब दांड्याचा पाना सायकलीसोबतच विकत घ्या, ते खोक्यात येत नाहीत.